ड्युटी बेल्ट चामड्याचा घ्यावा की नायलॉनचा? लेडी गार्ड आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढून राहिली आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी नागपूरची, बुटीबोरी एमआयडीसीत एका सूतगिरणीत लेडी गार्ड आहे, चार वर्षं झाली. गेटवर बायांची झडती, रजिस्टरची नोंद, रात्रपाळी असली की मागच्या कंपाउंडला दर दोन तासांनी राउंड. शिफ्ट म्हणायला आठ तासांची पण रिलीव्हर नाही आला की बाराची होते, आणि आठवड्यातून दोनदा तरी तो येतच नाही. यंदा एजन्सीनं सांगितलं की बेल्ट आणि त्यावरचं सामान ज्याचं त्यानं आपल्या पसंतीनं घ्या, बिल लावा, ठरलेल्या रकमेपर्यंत पैसे मिळतील. आम्ही पाच बाया आहोत आणि बाकीच्या चौघी म्हणतात ताई तू घेशील तोच आम्ही घेऊ. म्हणजे माझा चुकला की पाच जणींचा चुकला, म्हणून इतका जीव टाकून विचारते.

आत्ताचा बेल्ट लेदरचा म्हणूनच मिळाला होता. पहिलं वर्ष बरं गेलं, दुसऱ्या पावसाळ्यात वरचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला आणि खालून पुठ्ठ्यासारखं भुरकट काहीतरी निघालं. इतवारीत एका मोचीदादांना दाखवला तर त्यांनी कड वाकवून दाखवली, म्हणाले बाई हे चामडं नाही, चामड्याचा चुरा गोंदात कालवून केलेला पत्रा आहे, वरून प्लास्टिकचा रंग. खरं चामडं कापलं की कडेला बारीक तंतू दिसतात, मागची बाजू हाताला रवाळ लागते आणि त्या बाजूला पाण्याचा थेंब ठेवला की हळूहळू आत मुरतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं लिहून ठेवते, कुणाला तरी कामी येईल.

आता खरी अडचण. दोन महिन्यांपासून माझ्या उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधीर होते. तळहाताएवढी जागा, आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच नाही, चिमटा घेतला तरी कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून नाव सांगितलं मेराल्जिया पॅरेस्थेटिका. कमरेच्या हाडाचं जे टोक समोर लागतं ना, तिथून एक नस मांडीच्या कातडीकडे जाते, घट्ट पट्ट्यानं आणि वजनानं ती दबते. गोळी दिली पण म्हणाल्या पट्टा बदलल्याशिवाय हे जायचं नाही. मग मी घरी येताना किराणा दुकानात सगळं सामान काट्यावर ठेवलं, वॉकीटॉकी, टॉर्च, चाव्यांचा जुडगा, मेटल डिटेक्टर, दंडा, सगळं मिळून २ किलो ३०० ग्रॅम भरलं, त्यात नुसत्या चाव्या ६०० ग्रॅम. आणि पुरुषांची कंबर सरळ असते, त्यांचा पट्टा एका जागी बसतो, आमचा कंबरेवरून घसरून नेमका त्या हाडावर येऊन थांबतो. कडक चामडं तिथं वाकत नाही, त्याची खालची कड रुतते. रात्री पट्टा काढला की दोन्ही बाजूला लाल वळ असतात.

म्हणून सगळे म्हणतात नायलॉन घे. हलका असतो, अंगाप्रमाणे वळतो, घामाचा झाला तर साबणानं धुऊन सावलीत टाकायचा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे, नवतपात पारा ४५ च्या वर जातो आणि गेटच्या पत्र्याखाली तर विचारूच नका. माझ्या जुन्या पट्ट्यावर भोकांच्या भोवती घामाच्या मिठाची पांढरी रेघ बसलेली आहे, पितळी बकलाला हिरवट थर येतो तो ब्रासोनं घासावा लागतो. आणि पावसाळ्यात आठ दिवस सुट्टीवर गेले तर कपाटात बुरशी. खऱ्या चामड्यालाही हे सगळं होणारच ना? मोचीदादा म्हणाले की बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, कोल्हापुरीला असतं तसं, ते ताठ राहतं आणि वर्षानुवर्षं आकार धरतं, क्रोमवालं, म्हणजे क्रोमच्या रसायनानं कमावलेलं, मऊ असतं पण वजनानं लोंबतं. भिजलं तर उन्हात वाळवायचं नाही, सावलीत वाळवून पॉलिश लावायचं. मला ते पटतं, पण बारा तासांची ड्युटी, दीड तास येण्याजाण्यात, घरी दोन पोरं, रोज पॉलिश कोण करणार.

पण नायलॉनचाही एक घोळ आहे तो फक्त सूतगिरणीत काम करणाऱ्यालाच कळेल. वेल्क्रो. आमच्याकडे हवेतच रुई उडत असते, भुवयांवर, रजिस्टरवर, पाण्याच्या बाटलीवर. आमच्या एका गार्डचा नायलॉनचा बेल्ट आहे, आत एक पातळ पट्टा आणि त्यावर वेल्क्रोनं बाहेरचा चिकटतो, महिनाभरात त्याच्या वेल्क्रोच्या आकड्यांत कापूस इतका भरला की चिकटेनाच. तो बिचारा सुईनं बसून काढतो. टॉर्चच्या पाउचचं झाकण पण वेल्क्रोचं, ते उघडं राहून राउंडला टॉर्च नालीत पडला.

डेनिअर म्हणजे काय हे मला कळत नव्हतं, दुकानदार नुसतं १००० डेनिअर १००० डेनिअर करत होता. आमच्या स्पिनिंग मास्तरांना विचारलं तर त्यांनी छान सांगितलं, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, म्हणजे आकडा मोठा तितका धागा जाड. आपल्या सुताच्या काउंटचं उलटं असतं, तिथं आकडा मोठा तितकं सूत बारीक. तेच पुढे म्हणाले की नायलॉन आगीत नुसतं जळत नाही, आधी वितळतं, नायलॉन ६ (नायलॉनचा एक प्रकार) साधारण २२० डिग्रीला, आणि वितळलेलं अंगाला चिकटतं. कापसाच्या गिरणीत आगीची भीती कायम असते, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. चामडं निदान करपतं, चिकटत नाही.

बकलाचं पण सांगा. झडती घेताना डिटेक्टर माझ्याच पितळी बकलाजवळून गेला की वाजतो आणि समोरची बाई दचकते, पुन्हा फिरवावा लागतो. प्लास्टिकचं बकल घेतलं तर हे होणार नाही, पण ते टिकतं का? सदरला एका दुकानात मोठं पितळी बकल, पोलिसांसारखं, दाखवत होता, म्हणे रुबाब येतो. मी नाही घेतलं. २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यात साफ लिहिलंय की गार्डनं पोलीस किंवा सैन्यासारखा दिसणारा पोशाख घातला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मंडळींनी हे लक्षात ठेवा.

रुबाबाचं मात्र मी नाकारत नाही. माझे बाबा हिंगणा रोडच्या एसआरपीत होते, त्यांचा पट्टा खुंटीला असायचा आणि त्या काळ्या चामड्यात ट्यूबलाइट दिसायची. लेडी गार्डला तसंही कुणी गिनत नाही, ट्रकवाले अरेतुरे करतात, त्यात कमरेला ढगळ कापडी पट्टा असला तर अजूनच. म्हणून मन चामड्याकडे ओढतं.

थोडी भर घालते, दोन दिवसांनी: उत्तरांसाठी मनापासून आभार. ज्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याचं सुचवलं त्यांचं बरोबर आहे. १५ ऑगस्टला पोलिसातले साहेब लोक जो सॅम ब्राऊन, म्हणजे कमरेचा चामडी पट्टा आणि त्याला जोडून खांद्यावरून जाणारा पट्टा, घालतात, त्याचा तो आडवा पट्टा मुळात वजन खांद्यावर घेण्यासाठीच होता, ज्याच्या नावानं तो आहे त्या इंग्रज अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ साली लढाईत गेला होता, एका हातानं तलवार उपसता यावी म्हणून त्यानं तो काढला. तसा घातला तर मी पोलीस दिसेन, पण शर्टाच्या आतून साधे सस्पेंडर चालतील का?

कामठीच्या एका ताईंनी लिहिलं तसं काल करून पाहिलं. चाव्यांतल्या रोज न लागणाऱ्या चौदा चाव्या केबिनच्या बोर्डावर टांगल्या, वॉकीटॉकी पाठीच्या मणक्यावरून काढून डाव्या बाजूला घेतला, दंडा गेटवर ठेवला, आणि आमच्या त्या गार्डचा नायलॉन बेल्ट एका शिफ्टसाठी मागून घातला. वेल्क्रोच्या जागी बटणाचे चार किपर, म्हणजे आतला आणि बाहेरचा पट्टा एकत्र धरणाऱ्या छोट्या पट्ट्या, लावले. मांडी पहाटे चारपर्यंत शुद्धीत होती, आधी अकरालाच जायची.

तर आता माझं मन असं होऊन राहिलं आहे की पट्टा नायलॉनचा, दोन इंची, आणि टॉर्च-चाव्यांची पाउच खऱ्या चामड्याची, बटणाची, मोचीदादांकडून शिवून. असं मिसळून कुणी वापरलंय का? नायलॉनवर चामड्याचं पाउच सरकतं का, की मागच्या लूपची रुंदी बरोबर घेतली की बसतं? चामड्याची कड नायलॉनला घासून दोरे निघतात का? आणि बायांच्या कमरेसाठी थोडा वळणदार कापलेला पट्टा नागपुरात कुणी करून देतं का, की मापच वेगळं द्यायचं? मला सोमवारी पाच जणींची मापं घेऊन दुकानात जायचं आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.