लहान मेंदू 19व्या आठवड्यात अपुरा दिसला, तर पुढच्या तपासणीसाठी थांबायचे का?

प्रश्न

माझ्या वहिनीची 19व्या आठवड्यातली सोनोग्राफी नुकतीच झाली. बाळाच्या लहान मेंदूचा मधला भाग, म्हणजे वर्मिस, पूर्ण दिसत नाही आणि मेंदूतली द्रवाने भरलेली चौथी पोकळी मागच्या बाजूने उघडी वाटते, असे अहवालात लिहिले आहे. डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. हृदय, मूत्रपिंडे सगळे व्यवस्थित असताना एवढा एकच भाग मागे कसा राहतो? आपल्या खाण्यापिण्यात काही चुकले का, असे वहिनी रोज विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसते. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद 1

मी गर्भाच्या सोनोग्राफीचे काम करते. थांबायला सांगितले ते योग्यच आहे, कारण लहान मेंदू घडायला सुरुवात लवकर होते, पण तो पुरा व्हायला मेंदूच्या इतर बहुतेक भागांपेक्षा जास्त काळ लागतो.

गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्या सीमेवरच्या पेशी एफजीएफ8 नावाचे प्रथिन सोडतात आणि त्या संकेताने पश्चमेंदूच्या सर्वांत वरच्या पट्ट्यातून लहान मेंदू आकार घेऊ लागतो. चौथ्या पोकळीलगतच्या थरातून पुर्किंजे पेशी, म्हणजे लहान मेंदूतल्या मोठ्या चेतापेशी, तयार होतात. ग्रॅन्यूल पेशी या बारीक चेतापेशींच्या जनक पेशी मात्र रॉम्बिक लिप या ओठासारख्या काठावरून निघून लहान मेंदूच्या पृष्ठभागावर पसरतात. तिथे त्या, खालच्या पुर्किंजे पेशींनी सोडलेल्या सॉनिक हेजहॉग या प्रथिनाच्या प्रभावाखाली, झपाट्याने विभाजित होतात आणि मग आधारपेशींच्या धाग्यांना धरून आत उतरतात. प्रौढ मेंदूतल्या सुमारे 8,600 कोटी चेतापेशींपैकी 6,900 कोटींच्या आसपास लहान मेंदूत असतात, त्या बहुतांशी या ग्रॅन्यूल पेशीच. हा पृष्ठभागावरचा थर जन्मानंतरही बरेच महिने टिकतो. म्हणूनच फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांत लहान मेंदूची वाढ खुंटण्याची भीती असते, कारण 24 ते 40 आठवड्यांत त्याचे आकारमान जवळपास पाचपट होते.

वर्मिस चौथ्या पोकळीवर पूर्ण झाकण घालतो तो साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास. शिवाय प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचे सोनोग्राफीचे उपकरण, थोडा जास्त कलता धरला, तर निरोगी बाळातही तीच फट पडद्यावर दिसते. हे मी अनेकदा पाहिले आहे. पुढच्या तपासणीत बाळाचा बाजूने मधोमध छेद घेऊन वर्मिसची उंची, त्यावरच्या खाचा आणि त्याचा कल पाहिला जाईल. वर्मिस पुरेसा वाढलेला असून फक्त वर उचललेला असेल, तर बऱ्याचदा ती ब्लेकच्या पिशवीची गाठ, म्हणजे चौथ्या पोकळीमागे फुगलेली द्रवाची पिशवी, असते आणि इतर काही दोष नसेल तर त्या बाळांचे बहुधा चांगले होते. वर्मिस लहान, पोकळी मोठ्या गाठीसारखी फुगलेली आणि कवटीचा मागचा कप्पा रुंदावलेला असेल, तर डँडी-वॉकर विकृतीचा विचार होतो. तेव्हा गर्भजल तपासणीने गुणसूत्रे पाहणे आणि एमआरआय करणे सुचवले जाते.

प्रतिसाद 2

वरच्या ताईंनी जूबेर सिंड्रोम या आनुवंशिक आजाराचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहितो. माझ्या मुलीला तो आहे. जन्मानंतर ती काही क्षण धापा टाकल्यासारखा श्वास घेई आणि मग श्वास अचानक थांबे. डोळेही वस्तूमागे नीट फिरत नसत. एमआरआयच्या आडव्या छेदात मेंदूच्या देठाजवळचा भाग दाढेसारखा दिसला, तेव्हा निदान झाले. वर्मिस नीट न वाढण्याबरोबरच देठाजवळचे चेतातंतूंचे पट्टे जाड व लांब झाल्याने तो आकार येतो. पेशींवरच्या सूक्ष्म केसांच्या, म्हणजे सिलियांच्या, जनुकांतील दोष हे त्याचे कारण आहे. आम्ही दोघेही वाहक आहोत हे तेव्हाच कळले, आणि पुढच्या प्रत्येक गर्भात 25 टक्के शक्यता असते. डोळ्यांचे पडदे आणि मूत्रपिंडे यांची तपासणी आम्हाला नियमित करावी लागते. नात्यात असे मूल असेल, तर डॉक्टरांना आत्ताच सांगा.

प्रश्नकर्ती

आपल्या दोघांचे मनापासून आभार. नात्यात असे कोणी नाही. वहिनीच्या आहाराबद्दल मात्र अजून विचारावेसे वाटते.

प्रतिसाद 1

गरोदरपणातील मद्यपान पुर्किंजे पेशींना घातक ठरते आणि सायटोमेगॅलोव्हायरससारख्या काही संसर्गांनीही लहान मेंदूची वाढ बिघडू शकते, म्हणून संसर्गाच्या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. एखादा पदार्थ खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने वर्मिस अपुरा राहिला, असे मात्र मी वहिनींना मुळीच सांगणार नाही. पुढच्या भेटीला जुन्या सोनोग्राफीच्या प्रतिमा सोबत न्या. दोन वेळचे वर्मिसचे मोजमाप शेजारी ठेवून पाहता आले, की डॉक्टरांना बरेच स्पष्ट सांगता येते.