मदत हवी आहे : आजीला पंढरपुरात पुंडलिकापर्यंत कसं न्यावं?

कार्तिकीची गर्दी ओसरली की सोलापूरहून आजीला पंढरपूरला न्यायचंय, गुडघे पार गेलेत पण हट्ट असा की आधी चंद्रभागा मग पुंडलिक आणि मगच विठोबा, म्हणे आईबापाची सेवा चालू होती म्हणून ज्यानं देवालाच वीट फेकून उभं केलं त्याला डावलून आत जायचं कसं (मुद्दा बिनतोड आहे, मी काय बोलणार). पण ते मंदिर पडलं वाळवंटात, घाटाच्या पायऱ्या उतरून. महाद्वार घाटावरून व्हीलचेअर नेता येते का, की दुसरीकडून रिक्षा जवळ जाते? आणि पदस्पर्शाची रांग तिला झेपेल का मुखदर्शनच बरं? गाडी करूनच येणारोय, पार्किंगचंही सांगा प्लीज.