बीपी 110/70, नाडी 118: बाळंतिणीच्या केसमध्ये आधी काय करायचं?

प्रश्न – जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) तिसरं वर्ष, नाशिक
सराव पेपरातली केस आहे. नॉर्मल डिलिव्हरीला 40 मिनिटं झालीत. बीपी 110/70, नाडी 118, श्वास 24. दुसरा पॅड पूर्ण भिजलाय आणि बाई म्हणते, 'जीव घाबरा होतोय.' पर्याय असे: 15 मिनिटांनी परत बीपी, गर्भाशय तपासणं, पाय वर करणं, डॉक्टरांना फोन. बीपी ठीक आहे म्हणून ग्रुपमध्ये बहुतेकांनी पहिला पर्याय धरलाय. मला तो पटत नाही, पण कारण मांडता येत नाहीये.

उत्तर 1 – लेबर रूम स्टाफ
बीपी पडायची वाट बघायचीच नाही. गरोदरपणात वाढलेल्या रक्तामुळे बाळंतिणीचं शरीर बराच काळ तग धरतं. बीपी घसरतं तोवर लिटरभर रक्त गेलेलं असू शकतं. आधी नाडी पळते, श्वास वाढतो, जीव घाबरा होतो. नाडीला वरच्या बीपीने भागा: 118 भागिले 110, म्हणजे 1.07. बाळंतिणीत 0.9 च्या वर गेलं की धोका. हिमोग्लोबिन 8 असेल तर लिटरहून कमी रक्तस्रावही झेपत नाही.

उत्तर: गर्भाशय तपासणं. पण बाईला सोडून जायचं नाही, जागेवरूनच सिस्टरला हाक मारायची. बेंबीजवळ हात ठेवा. गर्भाशयाचा गोळा मळलेल्या कणकेसारखा मऊ लागला तर एक हात ओटीपोटावर जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) वर आधाराला ठेवून दुसऱ्याने वरचा भाग गोल चोळा. गोळा घट्ट झाल्यावरच रक्ताच्या गाठी बाहेर काढायच्या. मऊ असताना दाबलं तर गर्भाशय उलटं होऊन बाहेर येऊ शकतं. गोळा घट्ट आहे आणि तरी रक्त जातंय? मग रक्त टाक्यातून जातंय की कुठे फाटलंय, ते शोधायला डॉक्टर हवेत. वार पूर्ण पडली होती का, तेही बघा.

उत्तर 2
वरच्यात एक राहिलं: लघवी. गोळा बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेला असेल तर लघवीची पिशवी भरलेली आहे. ती रिकामी केल्याशिवाय कितीही चोळा, गोळा परत सैल पडतो. पॅड डोळ्यांनी मोजू नका, वजन करा. कोरडा 20 ग्रॅम, भिजलेला 170, म्हणजे सुमारे 150 मिली.

प्रश्नकर्ता
मेथर्जिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) लगेच देतात का?

उत्तर 1 – लेबर रूम स्टाफ
ऑर्डर किंवा वॉर्डच्या स्थायी सूचनेनुसारच, विद्यार्थ्याने स्वतः नाही. बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन द्यायचंच नाही. पहिलं ऑक्सिटोसिन, तेही गर्भाशय आवळणारंच; पण 10 युनिट एकदम शिरेतून ढकललं तर बीपी कोसळतं. स्नायूत किंवा सलाईनमधून. आणि अँप्युल 2 ते 8 अंशांतच हवं. एप्रिलमध्ये ट्रेवर दिवसभर पडलेल्या अँप्युलचा भरवसा धरू नका.

उत्तर 3 – पेठ तालुका, एएनएम (गावपातळीवरची नर्स)
फोनवर 'पेशंट बरी नाही' म्हणू नका. 'डिलिव्हरीला 40 मिनिटं, नाडी 118, बीपी 110/70, दोन पॅड भिजले, गोळा मऊ, चोळतोय, तुम्ही लगेच या' एवढं एका दमात सांगा. आमच्याकडून नाशिकला पाठवताना सावळघाट आहे, 108 मध्ये बसवून विसरून चालत नाही. निघायच्या आधी दोन शिरांत सलाईनच्या सुया, 18 किंवा 16 नंबर, लघवीसाठी कॅथेटर आणि चिठ्ठीवर ऑक्सिटोसिन किती वाजता दिलं ते. घाटात गाडी हलली तरी गोळ्यावरचा हात काढायचा नाही.