पोस्ट पेठेत नको म्हणे! मग कुठं पाहिजे?

खानापूरकर: परवा इथं बेळगावातल्या टिळकवाडीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "पेठेतल्या पोस्टांच्या जागा सोन्याच्या भावाच्या आहेत. विका आणि पोस्ट हायवेला न्या, पार्किंग मिळेल. आता पत्रं लिहितो कोण?" पत्रं नाहीच लिहीत कोण, मान्य. पण सुकन्येचा हप्ता, आरडी, आधार, म्हाताऱ्यांची पेन्शन ह्यासाठी रांग लागते ती कधी बघितलीय का ओ? कणकुंबीकडची बाई बाजाराला येते आणि त्याच फेरीत पोस्टाचं काम उरकते. कर्नाटकच्या शक्ती योजनेत तिला बस फुकट, पण स्टँडवरून हायवेला जायची रिक्षा फुकट नाही!

टिळकवाडीकर: ते गृहस्थ म्हणजे मीच. नाव घेऊन बोला की. माझ्या आईचे गुडघे गेलेत. पेठेतल्या पोस्टाला पायऱ्या, रॅम्प नाही आणि दारात भाजीचे गाडे. रिक्षा कोपऱ्यावरच सोडते. तुमच्या कणकुंबीच्या बाईची काळजी, आमच्या म्हातारीची नाही? आणि जग बदललंय. रजिस्टर पोस्टसुद्धा 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळून टाकलं. 2018 पासून पोस्टाची पेमेंट बँक आहे, पोस्टमन दारात येऊन अंगठा घेतो आणि पैसे देतो. पेठेतली इमारत कशाला हवी?

निपाणीची_सून: अंगठा घेतो म्हणे! आमच्या आत्तीनं जन्मभर तंबाखूच्या वखारीत काम केलं. बोटावर रेषा उरल्यात कुठं? पोस्टमननं मशीन पुढं केलं. आत्तीनं अंगठा पदरानं पुसला, मग ओला करून बघितला, मग दुसऱ्या हाताचा लावला. मशीन आपलं लालच. शेवटी पासबुक घेऊन काउंटरलाच जावं लागलं. ते काउंटर चालत जाण्याजोगं होतं म्हणून बरं.

सोप्यातलं_पोस्ट: तुम्ही सगळे शहरातल्या पोस्टावर भांडताय. खेड्यातल्या शाखा पोस्टाला बहुतेक ठिकाणी सरकारी इमारतच नाही. जागा बीपीएमनंच, म्हणजे शाखा पोस्टमास्तरनंच, द्यायची असते. माझा भाऊ बीपीएम आहे. आमच्या सोप्यात एक टेबल, तारखेचा शिक्का, वजनकाटा, आणि कुडापलीकडं म्हैस. ती हंबरली की ठेवीदार दचकतो. काम चार-पाच तासांचं. भाऊ गावाच्या टोकाला राहतो म्हणून पोस्टही टोकाला. गावाच्या मध्यावर पाहिजे असेल तर तिथलं भाडं कोण देणार?

सीमावासी: बीपीएमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भरती दहावीच्या मार्कांवर, परीक्षा नाही. 98 टक्केवाला लांबच्या जिल्ह्यातून येतो आणि बदलीची वाट बघत बसतो. त्याला मराठी येत नाही, गावाला त्याचं कन्नड कळत नाही. फॉर्म मराठीत नाही, बोर्डावर मराठी नाही. केंद्राचं खातं ना हे? महाराष्ट्रातल्या पोस्टावर मराठी असते, मग इथं आमच्या गावांत का नाही?

टिळकवाडीकर: आलं 1956, सीमावाद आलाच! धागा पोस्टाच्या जागेचा आहे.

सीमावासी: आणणारच. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा पडून आहे, तो संपेपर्यंत आणणार.

हुक्केरीवाला: माझी लेक कन्नड माध्यमात शिकली, दहावीच्या मार्कांवर जीडीएस (ग्रामीण डाक सेवक) लागली. पोस्टात म्हाताऱ्यांशी मराठीतच बोलते. तुमच्या पोरांनी कन्नडचा पेपर नीट दिला तर लांबचे कशाला येतील?

सीमावासी: वा! म्हणजे हक्क मागायचा नाही, मार्क मागायचे. तुमची लेक हुशार, अभिनंदन. पण आमच्या गावात ती नाही ना. तिथं माझ्या वडलांना फॉर्म भरून देताना काउंटरवाल्यानं जे तोंड केलं, ते तुम्ही बघायला पाहिजे होतं.

हुक्केरीवाला: तोंड तर बँकवालेही करतात. उगाच भाषेवर घालू नका.

निपाणीची_सून: अहो, भांडा तुम्ही दोघं, पण वेगळा धागा काढून.

सोप्यातलं_पोस्ट: माझ्या भाड्याचं उत्तर कोणीच दिलं नाही. अपेक्षाही नव्हती.

टिळकवाडीकर: बरं बाबा, नका विकू, देवळासारखं जपा. पण रॅम्प करा, दारातले गाडे उचला आणि निदान एक खुर्ची ठेवा.

खानापूरकर: म्हणजे राग गाड्यांवर होता आणि विकायला काढलं पोस्ट! रॅम्पच्या अर्जावर माझी सही घ्या. गाड्यांच्या अर्जावर नाही, त्यातला एक आमच्या मामाचा आहे.

सीमावासी: अर्ज कुठल्या भाषेत देणार?