गिरणी संपातल्या घरची मुलं: नोकरी सोडायची भीती तुमच्याही अंगात भिनली आहे का?

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही सात माणसं. 'डॉक्टर सामंत काहीतरी तोडगा काढतील' या, संपाचे पुढारी दत्ता सामंतांवरच्या भरवशावर पहिले महिने गेले. मग आईची माळ गेली, मग पितळेची भांडी. बाबा मात्र पहाटे पाचला उठून, आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गॅलरीत बसायचे. कित्येक महिने.

दहावीनंतर मिळेल ते केलं आणि १९८६ ला शिपाई म्हणून लागलो. अजून त्याच ठिकाणी आहे. दोनदा बढती नाकारली, नवीन जागी जमलं नाही तर काय, म्हणून. आता मुलगी नोकरी सोडून दोन वर्षं पुढे शिकायचं म्हणते. पैसे तिने स्वतः साठवलेत. तरी माझ्या तोंडून 'हो' निघत नाही. तुमच्याकडे काय झालं?

प्रतिसाद १
दादा, माझ्या भावाचं उलटं. तो कुठेच दोन वर्षांवर टिकला नाही. 'त्यांनी काढायच्या आत आपण निघायचं' म्हणतो. आप्पा गावी शेतावर गेले, आई परळला डबे करू लागली. पोळ्या लाटता लाटता मी डी.एड. केलं. संप नसता तर घरच्यांनी मला दहावीनंतर उजवलं असतं, हेही खरं.

प्रतिसाद २
एक गोष्ट राहतेय. माझे वडील आजोबांच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागले होते. रोज गेटवर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम. मी अठराचा झालो की वडील जॉबरच्या, म्हणजे खात्यात माणसं लावणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालणार, हे ठरलेलं. संपात अडीच लाख कामगार होते, अनेकांना परत घेतलंच नाही. पगाराबरोबर ती ओळखही गेली. अर्ज कसा लिहायचा, मुलाखतीत काय बोलायचं, हे सांगणारं चाळीत कोण होतं? तुम्ही मिळाली ती नोकरी धरलीत, कारण दुसरी दाखवणारं कुणी नव्हतं. मुलीचं तसं नाही. तिला निदान विचारा, परतायची वाट कोणती.

मूळ प्रश्नकर्ता
विचारलं. तिच्याकडे कागदावर सगळं मांडलेलं होतं. बाबांचं मी तिला आजवर सांगितलंच नव्हतं, काल सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, फीचा पहिला हप्ता पंधरा तारखेला आहे. अर्धा मी भरतोय.