जेजुरीला आईसाठी डिजिटल टेबल रेडिओ: कोणता बघावा?

प्राजक्ता_हडपसर
नमस्कार. आई जेजुरीला एकटी राहते. वय ७६. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी बारीक अक्षर दिसत नाही. पहाटेपासून तिचा रेडिओ चालू असतो: पुणे केंद्राचं भक्तिसंगीत, सकाळच्या मराठी बातम्या, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. जुन्या रेडिओची आतली दोरी तुटलीय, काटा जागचा हलत नाही. आता आकड्यांवर स्टेशन लागेल असा, टेबलावर ठेवायचा, आवाज भरदार असलेला सेट घ्यायचाय. बजेट पाच-सहा हजार. मावसभाऊ दिवाळीला इंग्लंडमधल्या लेस्टरहून येतोय, तो म्हणतो तिकडून चांगला डॅब (तिकडच्या डिजिटल प्रक्षेपणावर चालणारा) रेडिओ आणतो. आणू देऊ का?

ओंकार_के
ताई, आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर पुणे केंद्र लागतं की. घरातला जुना फोन आणि एक ब्लूटूथ स्पीकर, झालं काम.

प्राजक्ता_हडपसर
ते करून बघितलं. लाइट गेली की राउटर बंद. कधी ॲप अपडेट मागतं, कधी ब्लूटूथ जोडलं जात नाही, मग आई मला फोन करते. तिला उठल्या उठल्या एक बटण दाबलं की आवाज यायला हवा.

नाना_रेडिओवाले
प्राजक्ताताई, मी तपकीर गल्लीत रेडिओ दुरुस्तीतच आयुष्य काढलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आई ऐकतात ते पुणे केंद्र मिडियम वेव्हवर आहे, ७९२ किलोहर्ट्झ. म्हणजे सेटमध्ये मिडियम वेव्ह हवीच. हल्ली दुकानात ‘डिजिटल रेडिओ’ म्हणून जे पुढे करतात, त्यातले बरेच नुसते एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथचे डबे असतात. खोक्यावर ‘एएम’ किंवा ‘एमडब्ल्यू’ लिहिलेलं नसेल तर हातातसुद्धा घेऊ नका. पुण्याच्या एफएमवर जेजुरीत भिस्त ठेवू नका, मध्ये दिवे घाटाचा डोंगर आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की खरखर. मिडियम वेव्ह जमिनीला धरून पसरते, तिला घाट अडवत नाही.

आता आकड्यांच्या सेटमधली खरी मेख. आपल्याकडे मिडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या पायरीवर बसवलेली आहेत. ७९२ ला ९ ने भागून बघा, पूर्ण भाग जातो. मुंबईच्या अस्मिता वाहिनीच्या ५५८ लाही जातो. अमेरिकेत ही पायरी १० ची. सेट १० वर ठेवलेला असेल तर तो ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो आणि पुणे मध्येच राहतं. आवाज येतो, पण फाटका, आणि लोक म्हणतात सेट खराब आहे. चांगल्या सेटमध्ये ९/१० बदलता येतं, कसं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ही पायरी दुकानातच बदलून घ्या.

आईंच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्टेशन साठवायची बटणं वेगवेगळी हवीत, १, २, ३ अशी. मेनूत शिरून शोधायला लावणारा सेट नको. १ नंबरवर पुणे लावा आणि त्या बटणावर नेलपॉलिशचा जाड ठिपका द्या, बोटाला कळतो. आवाजाला गोल फिरवायचा नॉबच बघा. साठवलेलं स्टेशन वीज गेल्यावर टिकतं का, हेही दुकानात तपासा: सेल काढा, पिन काढा, चहा पिऊन या, परत लावा. पुसलं गेलं असेल तर तो सेट तुमच्या घरासाठी नाही. स्पीकर शक्यतो चार इंचांचा. ब्लूटूथ, दिवे, घड्याळ यांचे पैसे देऊ नका.

आणि तो जुना सेट टाकू नका! दोरी तुटणं म्हणजे काही मोठा बिघाड नव्हे. पुण्यात दाखवा, बसवून देणारे अजून आहेत.

लेस्टरकर
डॅबबद्दल मी सांगतो, माझ्या स्वयंपाकघरात आहे. इथे तो उत्तम चालतो, नावावरून स्टेशन लागतं, खरखर नाही. पण भारतात डॅबचं प्रक्षेपण होत नाही. तुमच्याकडे सेट स्टेशनं शोधत बसेल आणि शून्य दाखवेल. एफएम लागेल, पण या सेटांमध्ये मिडियम वेव्ह बहुधा नसतेच. म्हणजे आईंना हवं तेच नाही. मावसभावाला दुसरं काही आणायला सांगा.

विद्युल्लता
वाय-फायवर चालणारे इंटरनेट रेडिओही मिळतात ना? त्यात सगळी केंद्रं येतात.

नाना_रेडिओवाले
येतात, आणि पुण्या-मुंबईत पक्कं वाय-फाय असेल तर मी नाही म्हणणार नाही. फक्त त्यांतल्या पुष्कळ सेटांची स्टेशनांची यादी कंपनीच्या सर्व्हरवरून येते. कंपनीने तो बंद केला की धडधाकट सेट मुका होतो. आकाशवाणी मिडियम वेव्हवर डीआरएम पद्धतीनेही डिजिटल प्रक्षेपण करते, पण त्याचा घरगुती सेट साध्या दुकानात मिळणं अवघड. एकट्या राहणाऱ्या बाईंसाठी आकड्यांवर लागणारा साधा एएम-एफएम सेटच मला योग्य वाटतो.

प्राजक्ता_हडपसर
नाना, मनापासून आभार. भावाला आजच कळवते. एक विचारायचं राहिलं: आईच्या खोलीत एलईडी ट्यूब लावल्यापासून जुना सेटही गुरगुरायचा. नवीन घेतला तरी तसंच होईल का?

नाना_रेडिओवाले
होईल, तो दोष रेडिओचा नव्हे. एलईडीचा ड्रायव्हर (आतलं वीजपुरवठ्याचं सर्किट), मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मिडियम वेव्हवर गोंगाट करतात. आधी सेलवर लावून बघा. गुरगुर गेली तर दोष ॲडॉप्टरचा. तरीही राहिली तर एकेक वस्तू बंद करत जा, चोर सापडतो. मिडियम वेव्हचा अँटेना म्हणजे सेटच्या आतली फेराइटची कांडी, बाहेर ओढायच्या दांडीचा तिथे उपयोग नाही. म्हणून सेटच टेबलावर हळूहळू फिरवा, एका कोनात पुणे स्वच्छ येईल. त्या जागी टेबलावर खूण करून ठेवा, म्हणजे पुसताना हलला तरी आईंना परत तसाच ठेवता येईल. दुकानात मात्र मिडियम वेव्ह ऐकून निकाल देऊ नका. बाजारात चहूकडे वीज खेळत असते, तिथे चांगला सेटही गुरगुरतो. परत करायची मुदत बोलून घ्या आणि खरी परीक्षा जेजुरीत घ्या, सकाळी सातला.