मिरचीच्या पथारीवर नव्या बाईला ठसका लागतो, जुन्या बायांना का लागत नाही?

नंदुरबारकर
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सध्या मिरचीचा सीझन जोरात आहे, सगळ्या पथाऱ्या (मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागा) लालभडक झाल्यात. आई बऱ्याच वर्षांपासून देठ खुडायला जाते. यंदा बायको पण जायला लागली, तिची पहिलीच वेळ, आणि ती संध्याकाळी घरी आली की खोकून खोकून बेजार, नाक गळतं, डोळे लाल. आईला काहीच होत नाही. आई म्हणते की सवय झाली की छाती पक्की होते, मग धूळ आत जात नाही. मला हे पटत नाहीये पण उलट सांगायला माझ्याकडे माहिती पण नाही. ही धूळ नाकातून नक्की कुठपर्यंत जाते? फुफ्फुसात जाऊन बसते का? आणि ठसका लागत नाही म्हणजे धूळ जात नाही असंच समजायचं का?

शहाद्याचा_मास्तर
भाऊ प्रश्न चांगला विचारला, मी अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धूळ कुठपर्यंत जाणार हे तिच्या आकारावर ठरतं. १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतेक नाकात आणि घशातच अडकतात, नाकात केस असतात, आतलं अस्तर ओलं असतं आणि वाट वळणावळणाची असते म्हणून कण कुठेतरी चिकटतोच. तोंडाने श्वास घेतला की ही सगळी चाळणी बाजूला पडते, आणि काम करता करता गप्पा मारताना माणूस तोंडानेच जास्त श्वास घेतो हे लक्षात घ्या. नाकातून सुटलेले कण स्वरयंत्रातून श्वासनलिकेत येतात. ती साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते, पुढे तिच्या दोन फांद्या, त्यांच्या परत दोन-दोन असं करत करत सुमारे २३ वेळा फाटे फुटतात आणि शेवटी येतात वायुकोश, जिथे ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. असे वायुकोश दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास असतात. श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांना आतून चिकट म्युकसचा थर असतो आणि त्याखाली सिलिया, म्हणजे अतिशय बारीक केसासारखे धागे, जे सेकंदाला १०-१५ वेळा हलतात आणि धुळीसकट तो थर वर घशाकडे ढकलत राहतात, तिथून आपण तो नकळत गिळतो किंवा थुंकतो. पण वायुकोशात सिलिया नसतात. तिथे पोचलेले २.५ मायक्रॉनच्या आतले कण पांढऱ्या पेशींच्या जातीतल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात, आणि हे काम फार सावकाश चालतं.

आता ठसका. मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं रसायन, नाकातल्या, घशातल्या आणि श्वासनलिकेतल्या नसांवर टीआरपीव्ही१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन, असतो त्याला जाऊन चिकटतं. हाच रिसेप्टर ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की चालू होतो, म्हणून मिरचीने खरोखर भाजल्यासारखं वाटतं. तो १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. नस मेंदूला खबर देते, मग आपण खोल श्वास ओढतो, स्वरयंत्र घट्ट बंद होतं, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू दाब देतात आणि स्वरयंत्र एकदम उघडलं की हवा जोरात बाहेर फेकली जाते. म्हणजे तुमच्या मिसेसचा ठसका ही शरीराची राखण आहे.

कॅप्सेसिन रोज रोज लागत राहिलं तर त्या नसा बधिर होतात, हे नीट माहीत असलेलं आहे. आईंच्या बाबतीत तसंच झालं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. छाती पक्की झालेली नाही, राखणदार झोपलाय. धूळ पहिल्यासारखीच आत जातेय, फक्त तिला बाहेर फेकणारा खोकला कमी झालाय. म्हणून मला काळजी मिसेसपेक्षा आईंची जास्त वाटते.

तापीकाठ
मास्तर एकदम बरोबर. भाऊ, मनी माय बी पथारीवरच काम करस, तिनं बी तुमनी मायसारखंच म्हणनं शे. मी एक सांगतो, अवकाळी पाऊस पडून भिजलेली मिरची आली ना की तिला बुरशी धरते, ती उलटीपालटी करताना जी बारीक भुकटी उडते ती नुसती मिरचीची नसते, त्यात बुरशीचे कण पण असतात आणि ते इतके लहान असतात की थेट खोल जातात. त्या मालापासून दोघींना लांबच ठेवा. आमच्याकडे बाया वाऱ्याकडे पाठ करून बसतात, धूळ पुढे निघून जाते, एवढ्यानं पण बराच फरक पडतो.

नंदुरबारकर
धन्यवाद सर, आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ काही बोलली नाही मग म्हणाली की पदर तर मी बांधतेच नाकाला. पदराने भागतं का?

सिस्टर_धुळे
दादा, पदराने मोठी धूळ थांबते, बारीक नाही, आणि बाजूने फट राहते तिथून हवा सरळ आत जाते. एन९५ मास्क नाकावरची पट्टी दाबून नीट बसवला तर बारीक कण पण अडकतात. उन्हात तो घालून बसणं जड जातं हे मला माहिती आहे, म्हणून दिवसभर जमत नसेल तर निदान मिरची चाळताना, पोत्यात भरताना आणि पथारी झाडताना तरी घालाच, सगळ्यात जास्त धूळ तेव्हाच उडते. घरी आल्यावर आधी कपडे बदलायचे. हाताला आधी खोबरेल किंवा कुठलंही तेल चोळून मग साबणाने धुवायचं, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, नुसत्या पाण्याने धुतलेला हात डोळ्याला लागला की परत आग.

आणि आईंचं वय आणि इतक्या वर्षांचं काम बघता एकदा स्पायरोमेट्री करून घ्या, नळीत फुंकायची साधी टेस्ट असते, दुखत वगैरे काही नाही. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखल्याचं कळवणाऱ्या नसा जवळपास नसतातच, त्यामुळे छातीत दुखत नाही म्हणजे सगळं ठीक असं धरून चालू नका. जिना चढताना किंवा हंडा उचलताना पहिल्यापेक्षा दम लागतो का ते त्यांना विचारा. वहिनींचा खोकला काम बंद असलेल्या दिवशीही राहत असेल आणि दोन आठवड्यांच्या वर गेला तर मिरचीवर ढकलू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी तिथे फुकट होते.

नंदुरबारकर
दम लागतो का विचारलं ताई. म्हणाली हो, यंदा लागतो, पण वयाने असेल म्हणून सांगितलं नाही. सोमवारी घेऊन जातो टेस्टला.